गाविलानच्या काठी तिघे लिओपोल्ड

आल्डो लिओपोल्ड हे नाव मराठी वाचकाच्या कानावर आले असेल, तर ते बहुधा एका लांडगीमुळे. १९०९ साली येल विद्यापीठातून वनशास्त्र शिकून बाहेर पडलेला हा बावीस वर्षांचा तरुण अमेरिकेच्या वनखात्यात रुजू झाला आणि त्याची नेमणूक ॲरिझोनातल्या आपाचे राष्ट्रीय वनात झाली. एके दिवशी तो आणि त्याचे सोबती एका उंच कड्यावर दुपारचे जेवत बसले होते. खाली नदीच्या फेसाळ पाण्यातून एक जनावर छातीभर ओढीतून अलीकडच्या काठाकडे येत होते. सगळ्यांना आधी ती हरिणी वाटली. काठावर चढून तिने शेपूट झटकले तेव्हा कळले की ही लांडगी आहे. तिची वाढलेली पिले तिला सामोरी धावली आणि कड्यावरून बंदुका झडल्या. लिओपोल्ड धावत खाली उतरला तेव्हा लांडगी मरत होती. तिच्या डोळ्यांतली हिरवी ज्योत विझताना त्याने पाहिली.

पर्यावरणावरच्या लेखनात ही गोष्ट वारंवार येते, आणि तिचा अर्थही ठरून गेलेला आहे: त्या एका क्षणी शिकाऱ्याचे मन पालटले, वाल्याचा वाल्मीकी झाला. आपल्याला अशा गोष्टी पटकन पटतात. पण कागदपत्रे तसे म्हणत नाहीत. १९१५ च्या डिसेंबरपासून लिओपोल्ड न्यू मेक्सिकोतल्या शिकारप्रेमींसाठी ‘द पाइन कोन’ नावाचे एक छोटे पत्र चालवीत होता. त्यात तो लांडगे, प्युमा आणि कोयोटी यांच्या निर्मूलनाचा जोरदार पुरस्कार करतो. १९२० मध्ये, म्हणजे लांडगीच्या मरणानंतर अकरा वर्षांनी, न्यू मेक्सिकोतला शेवटचा लांडगा आणि शेवटचा प्युमा पकडल्याशिवाय हे काम पुरे झाले असे म्हणता येणार नाही, अशी त्याची भूमिका आहे. हिशेब साधा होता. लांडगे हरणे खातात. लांडगे कमी झाले की हरणे वाढतील. हरणे वाढली की शिकाऱ्यांना सुगी.

लांडगीची गोष्ट त्याने लिहिली ती १९४४ च्या एप्रिलमध्ये, पस्तीस वर्षांनी. तीही आपणहून नव्हे. ऑल्बर्ट हॉकबॉम हा त्याचा विद्यार्थी आणि चित्रकार मित्र त्याच्या निबंधांची हस्तलिखिते वाचत होता. त्याने स्पष्ट सुनावले की या लेखनात तुम्ही नेहमी शहाणपणाच्या बाजूला उभे दिसता; लांडगे संपवण्यात तुमचाही हात होता, तो कुठे आहे? या टोचणीतून ‘डोंगरासारखा विचार’ या अर्थाच्या मथळ्याचा तो प्रसिद्ध निबंध जन्माला आला.

मग १९०९ आणि १९४४ यांच्या दरम्यान काय घडले? माझे उत्तर असे की घडले ते सावकाश घडले, आणि त्यातला सर्वांत निर्णायक टप्पा म्हणजे १९३७ च्या डिसेंबरात लिओपोल्ड कुटुंबातल्या तिघांनी मेक्सिकोच्या डोंगरात केलेली हरणांच्या शिकारीची सहल.

इथे थोडे थांबून शिकारीविषयी बोलायला हवे. आपल्याकडे शिकार म्हटली की संस्थानिक, हत्ती, हाकारे आणि मचाण डोळ्यांसमोर येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर तो विषय आपल्यापुरता जवळजवळ मिटलाच. अमेरिकेत हरणाची शिकार ही सामान्य घरातली बाब आहे. रानातले जनावर कोणा राजाचे नाही, लोकांचे आहे आणि राज्य सरकार ते लोकांच्या वतीने राखते, हे तिथल्या कायद्याचे मूळ तत्त्व. परवाना काढायचा, ठरलेल्या दिवसांत जायचे, ठरलेली संख्या मारायची आणि मांस घरी खायचे. बाप मुलाला नेतो, मुलगा आपल्या मुलाला. लिओपोल्डच्या घरीही तेच. त्याचे वडील आयोवातल्या बर्लिंग्टन गावात लेखनमेजांचा कारखाना चालवीत. पाणपक्ष्यांची विणीच्या हंगामातली शिकार त्यांनी कायदा होण्याच्या कितीतरी आधी स्वतःहून सोडली होती. काय मारू नये हे मुलांनी त्यांच्याकडून पाहून पाहून उचलले. पुढचा सगळा प्रवास या घरातल्या माणसाचा आहे, प्राणिमात्रांवर दया करा म्हणणाऱ्याचा नव्हे. लिओपोल्डने शिकार कधीच सोडली नाही.

शब्दाचा एक घोटाळाही निस्तरून घेऊ. आपण ‘हरिण’ म्हणतो ते काळविटालाही आणि चितळालाही. काळविटाची शिंगे कायमची, चितळ-सांबराची दरवर्षी गळून नवी येणारी. अमेरिकेतली जी दोन हरणे या लेखात येतात ती दुसऱ्या वर्गातली, म्हणजे चितळाच्या गोतातली. एक ‘म्यूल डिअर’, खेचरासारख्या मोठ्या कानांचे. दुसरे पांढऱ्या शेपटीचे, आणि त्यातही नैऋत्येच्या कोरड्या डोंगरांतली ठेंगणी जात. पळताना ते शेपटी उभी करते आणि तिची पांढरी बाजू झुडपांतून लखलखत जाते. शिकाऱ्याला बहुतेक वेळा त्याचे एवढेच दर्शन घडते.

लांडगे-प्युमा मारून हरणे वाढवायची हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला तो ॲरिझोनाच्या उत्तरेला, कायबाब पठारावर. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेचे हे उंच, पाइनच्या जंगलाने झाकलेले पठार चारी बाजूंनी वाळवंटाने वेढलेले आहे, त्यामुळे तिथली हरणे बेटावर असल्यासारखी. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने ते शिकारीसाठी बंद केले आणि हिंस्र प्राणी मारायला सरकारी शिकारी नेमले. पहिल्या पंचवीस वर्षांत सातशेहून अधिक प्युमा तिथे मारले गेले. १९१३ च्या उन्हाळ्यात खुद्द रूझवेल्ट, तेव्हा माजी अध्यक्ष, आर्ची आणि क्वेंटिन हे दोन मुलगे आणि निकोलस हा पुतण्या यांना घेऊन तिथे प्युमाच्या शिकारीला आला. त्याने या सहलीवर लिहिलेही. हीसुद्धा एक कौटुंबिक शिकारसहलच. तरुण पिढीला रान दाखवायचे, काटकपणा शिकवायचा आणि जाता जाता हरणांचे शत्रू कमी करायचे. एकाच दगडात तीन पक्षी.

हरणे वाढली. १९०६ साली चार हजारांच्या आसपास असतील असा अंदाज होता. १९२४ पर्यंत माणूस पोहोचेल तितक्या उंचीपर्यंतचा पाला खाऊन फस्त झाला आणि हिवाळ्यात हरणे उपासमारीने मरू लागली. त्यावर काढलेला एक तोडगा असा होता की फ्लॅगस्टाफच्या जॉर्ज मॅककॉर्मिक नावाच्या माणसाने हजारो हरणांना गुरांसारखे हाकत ग्रँड कॅन्यनमध्ये उतरवायचे, कोलोरॅडो नदी पोहून पार करायला लावायचे आणि दक्षिण काठावर चढवायचे. पोचत्या झालेल्या दर हरणामागे अडीच डॉलर. वाइल्ड वेस्टच्या कादंबऱ्या लिहिणारा झेन ग्रे सिनेमावाले घेऊन आला. १९२४ च्या डिसेंबरात शंभराच्या आसपास माणसे, त्यांत पुष्कळसे नावाहो आणि पायुट, काही घोड्यांवर, काही पायी, गुरांच्या घंटा आणि डबे वाजवीत रांग धरून निघाली. बर्फाचे वादळ आले. हरणे थोडी पुढे गेली, मग वळली आणि माणसांच्या रांगेतून, घोड्यांच्या पायांजवळून, मागे निघून गेली. नदीपार एकही गेले नाही. ग्रेला मात्र यातून एक कादंबरी मिळाली.

पुढे वनखात्याने हरणे मारायला सुरुवात केली तेव्हा ॲरिझोना राज्याने हरकत घेतली: रान तुमचे असेल, पण हरणे आमची. गव्हर्नरचे आडनाव नेमके हंट, म्हणजे शिकार. १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल केंद्राच्या बाजूने दिला. आपल्या जमिनीची नासाडी रोखण्यासाठी केंद्र सरकार हरणे मारू शकते.

लिओपोल्डने १९४३ मध्ये कायबाबच्या हरणांचा आलेख छापला. त्यात १९२४ चा आकडा एक लाख. हा आलेख पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतून फिरला. पण त्या वेळचे अंदाज तीस हजारांपासून एक लाखापर्यंत पसरलेले होते आणि लिओपोल्डने सर्वांत वरचा घेतला. १९७० मध्ये ग्रॅम कॉफली या प्राणिशास्त्रज्ञाने हे दाखवून दिले. शिवाय त्याच काळात पठारावरची मेंढरे आणि गुरेही फार कमी झाली होती, तेव्हा हरणे वाढली ती प्युमा गेल्यामुळे की चरणारी तोंडे घटल्यामुळे हे सांगता येत नाही, असा त्याचा आक्षेप. आलेख पाठ्यपुस्तकांतून गळू लागला. २००६ मध्ये काही संशोधकांनी पठारावरच्या ॲस्पेन झाडांची वये मोजली, तेव्हा नेमक्या त्या गर्दीच्या वर्षांत उगवलेली झाडे फारच थोडी निघाली. म्हणजे हरणे बेसुमार होती हे खरे. किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. लिओपोल्डचा आकडा मलाही पटत नाही. म्हणूनच मला वाटते की त्याच्या विचाराचा उगम कायबाबच्या आलेखात शोधण्यात अर्थ नाही. कायबाबमध्ये तो पुरावा शोधत होता. खात्री त्याला दुसरीकडेच पटली होती.

न्यू मेक्सिकोतल्या हीला डोंगरांत रस्ते आणि मोटारी येऊ नयेत म्हणून राखीव वन्यप्रदेश घोषित व्हावा, हा लिओपोल्डचा प्रस्ताव. १९२४ च्या जूनमध्ये तो मंजूर झाला आणि अमेरिकेतला असा पहिला प्रदेश अस्तित्वात आला. त्याच वर्षी तो बदली होऊन विस्कॉन्सिनला गेला, पण हरणांसाठी हीलाला परत येत राहिला. १९२९ च्या नोव्हेंबरात धाकटा भाऊ कार्ल आणि सोळा वर्षांचा थोरला मुलगा स्टार्कर यांच्यासह तो तिथे तळ देऊन राहिला. तोवर लांडगे संपले होते आणि हीलातही कायबाबची आवृत्ती निघू लागली होती. हरणे कमी करायची तर शिकारी आत यायला हवेत. शिकारी यायचे तर रस्ता हवा. वनखात्याने रस्ता काढला. लिओपोल्डने रस्त्यांपासून राखलेला प्रदेश त्या रस्त्याने चिरून दोन केला, आणि त्या रस्त्याची गरज पडली ती त्याने ज्या लांडगेमारीची तरफदारी केली होती तिच्यामुळे.

१९३५ च्या शरदात तो तीन महिने जर्मनीत होता. जर्मन वनशास्त्र हे जगभरच्या वनखात्यांचे गुरुकुल. आपल्या वनखात्याचा पाया घालणारा ब्रँडिसही तिथलाच. लिओपोल्डला दिसले ते असे: एकाच वयाची स्प्रूसची झाडे रांगेत उभी, खाली झुडूप नाही, फूल नाही, आणि हरणे मात्र मुबलक. खायला नाही म्हणून त्यांना हिवाळ्यात बाहेरून चारा घालायचा, आणि ती रोपे खातात म्हणून रोपांना कुंपण घालायचे. लांडगा, अस्वल केव्हाच गेलेले. सगळे नेटके आणि सगळे माणसाच्या हातून चालणारे.

यानंतर वर्षभराच्या आत, १९३६ च्या सप्टेंबरात, रे रोआर्क या मित्राबरोबर तो पहिल्यांदा रिओ गाविलानला गेला. हा क्रम महत्त्वाचा आहे. जर्मनी पाहिलेल्या डोळ्यांनी त्याने गाविलान पाहिले.

गाविलान म्हणजे स्पॅनिशमध्ये ससाणा. आपल्या कानाला मेळघाटातला गाविलगड आठवतो. तो गवळ्यांवरून आला, तेव्हा या साम्यावर कोणी प्रबंध उभारू नये. ही नदी मेक्सिकोच्या चिवावा राज्यात, सिएरा माद्रे या पर्वतरांगेत वाहते. रांगेच्या पूर्वेला चिवावाचे वाळवंट, पश्चिमेला सोनोराचे. खाली काटेरी झुडपे आणि निवडुंग, वर चढत गेले की गवताळ उतारांवर ओक आणि ज्युनिपर, आणि त्याहून वर पाइन. हीलाचे डोंगर आणि हे डोंगर यांची माती, पाऊस, झाडे जवळपास सारखीच. मध्ये फक्त देशाची सीमा. लिओपोल्डच्या दृष्टीने ही निसर्गाने आयती मांडून ठेवलेली तुलना होती.

सीमेच्या उत्तरेला गेल्या पन्नास वर्षांत मेंढरे आणि गुरे बेसुमार चरली होती, नद्यांचे काठ ढासळून पात्रे दगडगोट्यांनी भरली होती, लांडगे संपले होते. (लिओपोल्डची पत्नी एस्टेला न्यू मेक्सिकोतल्या ज्या घराण्यांतली, त्यांची श्रीमंती मेंढरांवरच उभी होती. जमिनीच्या दुखण्याचे निदान तो करीत होता ते असे घरातूनही.) दक्षिणेला हे झाले नाही, आणि त्याचे श्रेय कोणा द्रष्ट्या शासनाला देता येत नाही. आधी आपाचे लोकांची धास्ती होती. १८८६ मध्ये जेरोनिमो शरण आल्यावरही आपाचेंच्या काही लहान टोळ्या सिएरा माद्रेत पुढे कित्येक वर्षे टिकून होत्या. बहुपत्नीत्वाच्या कायद्यापासून पळालेल्या मॉर्मन कुटुंबांनी पाचेकोसारख्या वसाहती केल्या, तोवर १९१० ची क्रांती आली, आणि १९१२ मध्ये त्यांतल्या बहुतेकांना घरदार सोडून जावे लागले. त्यानंतर लुटारू. माणसाला माणसाची भीती वाटत राहिली, म्हणून डोंगर वाचला. लिओपोल्डने हे स्वच्छ नोंदवले आहे.

१९३७ च्या डिसेंबरअखेर तो पुन्हा निघाला तेव्हा बरोबर कार्ल आणि स्टार्कर होते. आल्डो एक्कावन्न वर्षांचा होण्याच्या बेतात, स्टार्कर चोवीस वर्षांचा आणि आता स्वतः वन्यप्राण्यांचा अभ्यासक. आल्डो आणि कार्ल यांनी १९२२ मध्ये कोलोरॅडो नदीच्या मुखाशी होडीतून भटकंती केली होती. बालपणीची जोडी होती ती. नाताळ आणि नवे वर्ष त्यांनी डोंगरात काढले.

शिकार धनुष्यबाणाने करायची होती. अमेरिकेत हा छंद तेव्हा नव्याने रुजत होता, आणि लिओपोल्डच्या घरी तो अंगात भिनला होता. धनुष्ये तो स्वतः बनवी, यू आणि ऑसेज ऑरेंज या झाडांच्या लाकडातून, हिवाळ्याच्या रात्री तासून तासून. एस्टेला तर विस्कॉन्सिनची तिरंदाजीतली राज्यविजेती. दुर्बीण लावलेल्या रायफलीने हरिण दोनशे पावलांवरून पडते. धनुष्याला ते तीस-चाळीस पावलांत यावे लागते. म्हणजे वारा ओळखायचा, वाळलेल्या ओकच्या पानांवर पाय वाजू द्यायचा नाही, तासन् तास एका जागी बसायचे, आणि मग हरिण आलेच तर धनुष्य ताणताना होणारी हालचाल त्याला दिसायचीच. वर्षानुवर्षे प्रयत्न करूनही लिओपोल्डला धनुष्याने हरिण असे मिळालेच नाही. बाण चुकत राहिले आणि तो ते वहीत टिपत राहिला.

हा तपशील मी गमतीसाठी देत नाही. हातात बंदूक असलेला शिकारी पहिल्या दिवशी हरिण पाडून दुसऱ्या दिवशी घरी जातो. धनुष्यवाल्याला रान पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसते. तीन जाणकार माणसे, त्यांतला एक वनशास्त्रज्ञ आणि एक प्राणिशास्त्रज्ञ, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळ्या उतारांवर दबा धरून बसली आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. दिवसभरात काय पाहिले ते संध्याकाळी शेकोटीभोवती सांगायचे. यापेक्षा चांगली पाहणी कुठले खाते करील?

आणि पाहायला काय होते? हरणे भरपूर होती, पण झुडपे ओरबाडलेली नव्हती. ओकची रोपे वर येत होती. नदीचे पाणी निवळ होते आणि काठ गवताने बांधलेले होते. वणवे अधूनमधून लागत होते. त्याने पाइन थोडे विरळ झाले होते, बाकी बिघडले काही नव्हते. लांडगे होते. प्युमा होते. आणि लिओपोल्डला चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे डोंगरात कोयोटी नव्हते. सीमेच्या उत्तरेला तेव्हा जिकडेतिकडे ओरड होती की कोयोटी उंच डोंगरांत शिरून हरणांची पाडसे आणि मेंढरे खातात. लांडगा असतो तिथे कोयोटीला तो शिरकाव करू देत नसेल का, असा प्रश्न त्याने पहिल्या सफरीनंतर १९३७ मध्ये लिहिलेल्या लेखात विचारला आहे. आपण लांडगे मारले आणि त्यांच्या जागी कोयोटी आणून बसवले, असा त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. गाविलानला मिळणाऱ्या प्रत्येक ओघळीत, अगदी वरपर्यंत, रचीव दगडांचे बांध होते. कित्येक शतकांपूर्वी, कासास ग्रांदेस परिसरातली पाकिमे ही मोठी वस्ती नांदत होती त्या काळातल्या डोंगरी शेतकऱ्यांनी पाणी आणि माती अडवायला घातलेले. आपल्याकडे उतारावरच्या शेतात दगडी ताल घालतात तसेच. अडलेल्या मातीच्या त्या चिमुकल्या वाफ्यांत माणूस गेल्यावर गवत आले होते आणि आता तिथे हरणे चरत होती. लिओपोल्डने त्यांच्याविषयी फार प्रेमाने लिहिले आहे. माणसाचा स्पर्श न झालेले रान असा गाविलानचा बोलबाला पुढे झाला, तो त्याच्या मूळ लेखनाला धरून नाही. त्याला इथे माणसाचा हात पावलोपावली दिसत होता. फक्त तो हात जमीन धरून ठेवणारा होता.

वर पाइनमध्ये जाड चोचीच्या पोपटांचे थवे सकाळी आरडाओरडा करीत फिरत. पर्वताचा प्राण त्या पोपटांत आहे असे त्याला वाटले, आणि त्यांच्यावर त्याने १९३७ मध्येच एका पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात लिहिले. गाविलानवरचा त्याचा मुख्य निबंध १९४० चा. त्यात नदीच्या गाण्याची गोष्ट आहे, ओकच्या फळांवर पोसलेल्या हरणाच्या मांसाची चव आहे, आणि विद्यापीठे एकेक वाद्य सुटे करून तपासतात पण वाद्यवृंद ऐकत नाहीत असा प्राध्यापकांना चिमटा आहे. तेव्हा तो स्वतः प्राध्यापक होऊन सात वर्षे झाली होती.

त्याने काय शिकले, हे त्याने सर्वांत स्पष्टपणे १९४७ च्या जुलैत लिहिले. आपल्या निबंधसंग्रहासाठी त्याने लांब प्रस्तावना तयार केली. तीत तो आपला प्रवास टप्प्याटप्प्याने सांगतो: आपाचे वनातले लांडगे, हीलातली हरणे आणि तो रस्ता, जर्मनी, आणि शेवटी गाविलान. जमीन हा एक जिवंत देह आहे हे मला तिथे प्रथम स्पष्ट कळले, कारण त्याआधी आयुष्यभर मी फक्त आजारी जमीनच पाहत होतो, असा तिचा भावार्थ. निरोगी माणूस कधी पाहिलाच नसेल तर वैद्य रोग ओळखणार कसा?

पण ही प्रस्तावना छापली गेली नाही. १९४८ च्या मार्चमध्ये लिओपोल्डने तिच्या जागी छोटी, नवी प्रस्तावना लिहिली. एप्रिलमध्ये ऑक्सफर्ड प्रकाशनाने पुस्तक स्वीकारल्याचे कळवले, आणि आठवडाभराने, २१ एप्रिलला, शेजाऱ्याच्या शेतालगतचे पेटलेले गवत विझवताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. १९४९ मध्ये ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ बाहेर आले. त्यात लांडगीची गोष्ट आहे आणि गाविलानचे गाणेही आहे. दोन्हींना जोडणारा धागा नाही. जुनी प्रस्तावना छापून यायला १९८७ उजाडले. मधल्या चाळीस वर्षांत जगाने हिरव्या ज्योतीची गोष्ट पाठ केली. आता विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्याची कागदपत्रे संगणकावर खुली केली आहेत. ज्याला पडताळायचे त्याने पडताळावे.

गाविलानच्या शिकवणीची किंमतही त्याला मोजावी लागली. १९४३ मध्ये तो विस्कॉन्सिनच्या निसर्गसंधारण आयोगावर आला. राज्यात हरणे वाढली होती, जंगलाचा खालचा पाला संपला होता, हिवाळ्यात पाडसे मरत होती. माद्याही मारायला परवानगी द्या, असे तो म्हणाला. त्या हंगामात सव्वा लाखाहून जास्त हरणे मारली गेली आणि लोक खवळले. त्याच्या विरोधात ‘विस्कॉन्सिनची हरणे वाचवा’ अशा नावाचे वृत्तपत्रच निघाले. बांबीचा सिनेमा आदल्याच वर्षी आला होता. हरणाच्या बाजूने उभे राहणे सोपे असते. हरिण ज्यावर जगते त्या झुडपाच्या बाजूने उभे राहणाऱ्याला खाटीक म्हणतात.

गाविलान आणि सीमेच्या उत्तरेचे डोंगर यांचा शेजारी शेजारी दीर्घ अभ्यास व्हावा, एका बाजूला आजारी आणि दुसऱ्या बाजूला निरोगी जमीन ठेवून, ही योजना त्याने घरी परतल्यावर मांडली. बर्कलीचा नामवंत भूगोलतज्ज्ञ कार्ल सॉवर याच्याशी पत्रव्यवहार केला. योजना कागदावर राहिली. लूना हा दुसरा मुलगा पुढे नद्यांचा मोठा अभ्यासक झाला आणि त्यानेच १९५३ मध्ये वडिलांच्या शिकारीच्या रोजनिश्या संपादित करून छापल्या. स्टार्कर बर्कलीला प्राध्यापक झाला, आणि मेक्सिकोच्या वन्यप्राण्यांवरचा त्याचा ग्रंथ १९५९ मध्ये आला.

वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी, १९४८ च्या उन्हाळ्यात, स्टार्कर गाविलानला परत गेला होता. दहा वर्षांपूर्वी तिघे जिथे पायी आणि जनावरांच्या पाठीवर सामान लादून गेले होते, तिथवर लाकूड वाहून नेणाऱ्या मालमोटारींचा रस्ता पोचला होता. पाइन तुटत होते, गुरे वर चढली होती. पुढच्या वर्षी त्याचा यावरचा लेख आला आणि त्याला त्याने नाव दिले ‘आदिओस, गाविलान’. आदिओस म्हणजे येतो आता.

मेक्सिकोतल्या शेवटच्या काही रानटी लांडग्यांपैकी पाच १९७७ ते १९८० या काळात दुरांगो आणि चिवावा राज्यांत जिवंत पकडले गेले आणि पिंजऱ्यात त्यांची वीण सुरू झाली. त्यांच्या वंशातले अकरा लांडगे १९९८ च्या मार्चमध्ये मोकळे सोडले ते ॲरिझोनात, बावीस वर्षांच्या लिओपोल्डने कड्यावरून बंदूक झाडली होती त्याच आपाचे वनात. सिएरा माद्रेच्या उत्तर टोकाशी, सोनोरातल्या सान लुईस डोंगरांत, मेक्सिकोने पाच लांडगे सोडले ते २०११ च्या ऑक्टोबरात. काही महिन्यांतच त्यांतले बहुतेक विष खाऊन मेलेले सापडले.